बेदरच्या दरबारातला विठू



मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत विठू महार येतो तो अगदी शेवटाकडे. तोवर दुष्काळाने माणसे मेटाकुटीला आलेली असतात, पंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारे रयतेला खुली केलेली असतात आणि त्यांना बेदरला नेण्याचा हुकूम सुटलेला असतो. अशा वेळी खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला एक माणूस दरबारात येतो. जोहार घालतो, थैली उघडून धान्याची किंमत चुकती करतो, रसीद मागून घेतो आणि चालता होतो. तीच रसीद पुढे पंतांना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडते आणि विठू म्हणजे पांडुरंगच, हे त्यांना उमगते.

कथेतली त्याची हजेरी एवढीच. त्याचे घर कोणते, वय काय, घरात कोण कोण, यातले काही कळत नाही. तरीही मंगळवेढ्यात दहा जणांना विठू कसा होता असे विचारले, तर दहा वेगळे विठू उभे राहतात. अद्भुतकथेचा वाचक दुय्यम पात्राला आपल्या मनात कसा घडवतो, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण नाही.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घरोघरी गेली. कीर्तनकारांनी तिचे आख्यान केले. गदिमांच्या शब्दांतून आणि सुधीर फडके यांच्या आवाजातून ‘झाला महार पंढरीनाथ’ हे गीत महाराष्ट्राच्या कानी पडले. प्रत्येक सांगणाऱ्याने विठूसाठी एक क्रियापद निवडले आहे आणि ऐकणाऱ्याचे मत पुष्कळदा तिथेच ठरते. देवाने महाराचे ‘सोंग घेतले’ म्हटले, की घोंगडीखाली पीतांबर दिसू लागतो आणि विठू नावाचा माणूस विरून जातो. ‘रूप घेतले’ म्हटले, की थोडा आदर येतो, पण अंतर राहतेच. ‘झाला’ म्हटले, की देव त्या देहातले ओझे, ऊन आणि अपमान यांच्यासकट उभा राहतो. एका शब्दाने पात्र बदलते.

कीर्तनात हा फरक डोळ्यांना दिसतो. उत्तररंगात बुवा खांद्यावरचे उपरणे घोंगडीसारखे घेतात, टाळकरी थबकतात आणि बुवा कमरेत वाकून जोहार घालतात. समोर बसलेल्या माळकरी म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येते, कारण तिचा पांडुरंग भक्तासाठी एवढा लवला. त्याच मंडपात बसलेल्या दुसऱ्या एखाद्याची पाठ ताठ होते, कारण त्याच्या आजोबांना असेच वाकावे लागले होते आणि घराने तो जोहार सोडून ‘जय भीम’ स्वीकारला आहे. दोघांनी एकच कथा ऐकली. दोघांचेही ऐकणे खरे आहे.

या दुसऱ्या ऐकण्याला भक्कम आधार आहे. गावचा वसूल सरकारी कचेरीत पोचवताना सोबत जाणे हे महारकीच्या वतनी कामांपैकीच होते. मंगळवेढ्याहून बेदर सरळ रेषेत मोजले तरी २०० किलोमीटरांहून दूर पडते. म्हणजे कथाकाराने चमत्कारासाठी जो माणूस निवडला, तो अशा कामावर रोज दिसणारा माणूस होता. या वतनी पद्धतीत बदल व्हावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. हा इतिहास ज्याच्या घरातून गेला आहे, त्याला विठूच्या हातातल्या थैलीआधी त्याचे वाट तुडवलेले पाय दिसतात. महार समाजाच्या बावन्न हक्कांची परंपराही अमृतनाक या महाराच्या कथेतून बेदरच्या बादशहाशीच जोडली जाते. ती ऐकत वाढलेल्याला विठू पाहुणा वाटत नाही, तो घरातला वाटतो.

आणि हे मंगळवेढे आहे. महार समाजातले संत चोखोबा इथले. परंपरेनुसार १३३८ मध्ये इथल्या गावकुसाचे काम चालू असताना गावकूस कोसळले आणि त्याखाली त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, मंदिराच्या बाहेर. कथेतला विठू बादशहाच्या दरबारात थेट आत जातो आणि त्याच विठ्ठलाच्या देवळात चोखोबांना आत जाता येत नाही. पंढरपूरचे ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. ही दोन दारे शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा विठू, फक्त ‘भक्तविजय’ वाचणाऱ्याच्या विठूहून वेगळाच असणार.

लहान मुलाला यातले काही ठाऊक नसते. त्याला बादशहापेक्षा जास्त कळते, याचाच आनंद होतो. ‘विठू’ हे नाव ऐकताच हा कोण ते मूल ओळखते आणि दरबारातल्या एवढ्या मोठ्या माणसांना ते का कळत नाही म्हणून हसते. कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला मात्र रसीद मोलाची वाटते. देवालाही पैसे भरल्याची पावती घ्यावी लागली, यावर तो मनापासून मान डोलावतो.

परभाषेतल्या वाचकांचेही असेच आहे. टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉम बॉम्बाडिल नावाचे पात्र काही प्रकरणांपुरते येते. सगळ्यांना भुलवणाऱ्या अंगठीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. कोणी त्याला निसर्गाचा आत्मा म्हणतात, कोणी देव, तर कोणाला तो रेंगाळणारा अडथळा वाटतो. २००१ च्या चित्रपटात त्याला जागाच मिळाली नाही. कथेत काही कोडी तशीच असावीत आणि हे त्यांपैकी एक, असे खुद्द टोल्कीनने पत्रात लिहिले होते. बॉम्बाडिलवरचे वाद कल्पनेच्या राज्यात राहतात. विठूवरचे वाद गावाच्या वेशीपर्यंत येतात, म्हणून ते अधिक जपून आणि अधिक धीटपणे करावे लागतात.

समीक्षकांचे काम इथे सुरू होते. कोणता विठू खरा, असा निवाडा देण्याची घाई नको. वाचक कुठे उभा राहून वाचतो आहे, हे आधी विचारावे. त्यासाठी सामग्री हवी आणि ती ग्रंथालयापेक्षा घरांत जास्त आहे. मालदांडी ज्वारीच्या या तालुक्यात धान्याचे पेव उघडायचे तर आधी झाकण काढून आतली कोंदलेली हवा जाऊ देत. घरात साठलेल्या या कथांनाही तशी मोकळी हवा लागेल.

या संमेलनातून परत जाताना प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून दामाजीची कथा एकदा सांगून घ्यावी आणि आहे तशी उतरवून ठेवावी. विठूसाठी त्यांनी कोणते क्रियापद वापरले, जोहाराच्या ठिकाणी आवाज कसा झाला, कुठे ते थांबले, हेही लिहावे. आणि रसीद घेतल्यावर विठू बेदरहून कोणत्या वाटेने गेला, वाटेत त्याला पाणी कोणी दिले, हे जरूर विचारावे.