उत्तर चुकले तरी खेळ चालू राहतो

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे भरलेल्या सभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, असा शिरस्ता आहे. तो आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम पाळला. आम्हांस बोलावयाचे आहे ते आज या सभागृहात न आलेल्या माणसांविषयी. ज्यांनी एके काळी या संस्थेच्या वर्गणीच्या वह्या काखेत मारून दारोदार पायपीट केली, त्यांपैकी काही जण आज घरीच आहेत. त्यांचे पाय थकले म्हणून नव्हे, तर ते चारचौघांत काहीतरी भलतेच बोलतील आणि लोक हसतील, या भीतीने घरच्यांनी त्यांस आणलेले नाही. स्मृतिभ्रंश हा त्या भीतीचा विषय, आणि तोच आमचाही.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देण्याची रीत आहे. ‘म्हातारचळ लागला’ हा शब्द तर आपण हसत हसत वापरतो. परंतु हा वयाचा धर्म नव्हे, मेंदूचा विकार आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांच्यापुढे ऑगुस्टे डेटर ही स्त्री आली, तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूत आढळलेले बदल डॉक्टरांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत मांडले. पुढे त्यांचेच नाव या रोगास मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली होती. आपल्या देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांस तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभर वृद्धांमागे सात. इतक्या घरांत जे आहे ते लपवावयाचे तरी कोणापासून?

जपानी लोकांनी या बाबतीत प्रथम शब्दाकडे लक्ष दिले. त्यांच्या भाषेत या विकारास ‘चिहो’ म्हणत. त्या अक्षरांतच मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ साली तेथील सरकारने तो शब्द काढून ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, असा शब्द रूढ केला. आपणही ‘चळ’ हा शब्द घरातून घालवू शकतो, त्यास सरकारी हुकमाची गरज नाही.

परंतु शब्द बदलून काम संपत नाही. पाहुणा आजींच्या खोलीत शिरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘ओळखलंत का मला?’ मग, ‘आज वार कोणता? सकाळी काय जेवलात? हा नातू कितवा?’ विचारणारा प्रेमानेच विचारतो, यात शंका नाही. पण ज्याची स्मृती गेली आहे, त्याची ही स्मृतीचीच परीक्षा झाली. रोज नापास होणारा मुलगा शाळा चुकवतो, तसा तो वृद्ध पुढे बोलणेच टाकतो. मग आपण म्हणतो, ‘त्यांना आता काही कळत नाही.’ रोगाने नेले त्यापेक्षा अधिक आपल्या प्रश्नांनी नेले, असे कित्येक घरांत दिसते.

अमेरिकेत १९९६ साली अ‍ॅन बास्टिंग या नाट्यशास्त्राच्या अभ्यासक बाई स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांकडे जात असत. आठवणींवर आधारलेले सारे प्रयोग फसले. शेवटी त्यांनी एका मासिकातील सिगारेटच्या जाहिरातीचे पान फाडले. त्यावर एका गुराख्याचे चित्र होते. ‘याचे नाव काय ठेवू या?’ असे त्यांनी विचारले. कोणी म्हणाले, ‘फ्रेड.’ राहतो कोठे, त्याचे कोण कोण आहे, असे विचारता विचारता गोष्ट वाढत गेली. एरवी गप्प बसणारी माणसे हसली, गायली. त्यातूनच ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत निघाली.

तिची रीत सोपी आहे. चित्र घरच्या माणसांचे घ्यावयाचे नाही, कारण त्यात पुन्हा ओळखण्याची परीक्षा येते. काहीसे चमत्कारिक, अनोळखी चित्र घ्यावे. ज्याचे एकच बरोबर उत्तर आहे, असा प्रश्न विचारू नये. जे उत्तर येईल, अर्धवट असो की असंबद्ध, ते सर्वांदेखत वहीत लिहावे. मधून मधून सारी गोष्ट वाचून दाखवावी आणि शेवटी टाळ्या द्याव्यात. २००९ साली वीस शुश्रूषागृहांच्या पाहणीत असे आढळले की, जेथे हा खेळ चालू होता तेथील वृद्ध अधिक सावध व गुंतलेले राहत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तेथील सेवकांची वृद्धांकडे पाहण्याची दृष्टीही अधिक आदराची दिसली. बंधुभगिनींनो, कलंक रुग्णाच्या अंगी नसतो, तो पाहणाऱ्याच्या नजरेत असतो. म्हणून खेळाने रोग बरा होत नसला, तरी नजर बरी होते.

टोकियो शहरात २०१७ साली थोडे दिवस एक खानावळ चालविली गेली. तिचे नावच ‘चुकलेल्या फर्माइशींची खानावळ’ असे होते. वाढपी सारे स्मृतिभ्रंश झालेले. एक मागावे आणि दुसरेच पुढ्यात यावे, हे गिऱ्हाइकास आधीच ठाऊक असल्यामुळे रागावण्याचे कारणच उरले नाही. चूक झाली की दोन्हीकडे हसू. येथे कोणी कोणास हसत नव्हते. सारे मिळून हसत होते, आणि या दोन हसण्यांत फार अंतर आहे.

हे ऐकून हा परदेशी चोचला आहे, असे कोणास वाटेल. पण भोंडल्याची खिरापत आठवा. डबा वाजवून विचारावयाचे, ‘ओळखा पाहू काय?’ कोणी करंज्या म्हणते, कोणी सुरळीच्या वड्या म्हणते. उत्तर चुकले म्हणून कोणी खाली मान घालीत नाही. उलट जितकी उत्तरे चुकतील तितका खेळ रंगतो. पहिल्याच मुलीने ओळखले तर सगळ्यांचा हिरमोड होतो! चुकण्यातील हा निर्मळ आनंद आपल्या आयाबहिणींनी केव्हाच जाणला होता.

आपल्या या शहराचाही येथे संबंध आहे. २०१३ साली निझाम्स इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागल्याचे त्यांस आढळले. घरी मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू अशी आपली राहणी. ती आपल्या उपयोगी पडत असेल तर आनंदच आहे. पण या नाण्यास दुसरी बाजूही आहे. रोग बळावला की पुष्कळदा मागाहून शिकलेल्या भाषा आधी मावळतात आणि बाळपणीची भाषा मागे राहते. सांभाळणारी बाई तेलुगू, नातवंडे इंग्रजीत बोलणारी, आणि आजी एकटी मराठीत. तिच्याशी मराठीत खेळावयास कोणी तरी हवे. हे काम दवाखाना करणार नाही, ते आपल्यासारख्या संस्थेचेच आहे.

दोन गोष्टी बजावून सांगतो. पहिली, विसरभोळेपणा वाढू लागताच डॉक्टरांस दाखवावे. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचे नैराश्य यांनीही असेच होऊ शकते, आणि त्यांवर उपाय आहेत. दुसरी, खेळ याचा अर्थ वृद्धांस लहान मूल समजणे नव्हे. ‘आमचं बाळ कसं शहाणं’ असे सत्तरीच्या माणसाशी बोलणे हाही अपमानच आहे. खेळात आपणही उतरावे. बाजूस उभे राहून खेळवू नये. आणि ज्यास खेळावयाचे नाही त्यास स्वस्थ बसू द्यावे.

विश्वस्त मंडळींपुढे आमचे मागणे लहान आहे. आठवड्यातून एक दुपार हे सभागृह अशा वृद्धांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी उघडावे. जुन्या कॅलेंडरांवरील चित्रे, एक वही, सागरगोटे, सोंगट्या, वाती वळण्यास कापूस, आणि गाण्याच्या भेंड्या लावणारी चार तरुण मुले, एवढे साहित्य पुरे. वहीत जमलेल्या गोष्टी गणेशोत्सवात याच व्यासपीठावरून, रचणारांच्या नावासह वाचून दाखवाव्यात. त्यावेळी ते पुढच्या रांगेत असावेत. कोणी मध्येच उठून बोलले तर बोलू द्यावे.

आणि आज घरी गेल्यावर एवढे करा. ‘ओळखलंत का?’ असे विचारू नका. आपले नाव आपणच सांगा, शेजारी बसा, आणि एखादे चित्र पुढे करून म्हणा, ‘याची गोष्ट करू या का?’