सही म्हणजे नुसती शाई नव्हे



बँकेत आम्ही नेहमी ऐकतो, 'पैसे मी घेतले नाहीत, जामीन म्हणून फक्त सही केली.' पण वसुलीच्या वेळी कायदा त्या सहीलाच धरतो. म्हणून अमेरिकेतला एक दावा आम्हाला जवळचा वाटतो.

'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' या कॅथलिक नन्स गरीब वृद्धांना सांभाळतात. सिकंदराबादेतही त्यांचा आश्रम आहे. अमेरिकेतील २०१० च्या आरोग्य कायद्याखालील नियमांनी कर्मचाऱ्यांच्या विम्यात मोफत गर्भनिरोधके सक्तीची केली. चर्चना सूट मिळाली. अशा सेवासंस्थांना सांगितले, आक्षेप लिहून सही करा, पुढचे विमा सांभाळणारी कंपनी पाहील. नन्सचे म्हणणे, ती सहीच आम्हाला त्या कामात गोवते. नियम मोडल्यास दंड, दर माणशी दिवसाला १०० डॉलर.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण खाली परत पाठवले. २०१७ मध्ये सरकारने सूट वाढवली, २०२० मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने ती पुन्हा रद्द ठरवली.

आश्रमात राबणाऱ्या बाईचेही ऐकायला हवे. तिची श्रद्धा वेगळी असेल, आणि औषधाचा खर्च तिच्याच पगारातून जाईल. तिचा हक्क बुडता कामा नये.

आम्हाला वाटते, सरकारला जो लाभ द्यायचा आहे तो त्याने आपल्याच खिडकीवरून द्यावा. त्यासाठी धर्मादाय संस्थेची सही मागू नये. आपल्या घटनेचे २६ वे कलमही धर्मसंस्थांना स्वातंत्र्य देते, पण सार्वजनिक आरोग्याच्या अधीन राहून. आपले ट्रस्ट चालवताना या दोन्ही बाजू ध्यानात ठेवूया.