कळ सरकते, खडा सरकतो



आंब्याचा हंगाम सुरू झाला की बागेतली माणसं दिवसभर उन्हात. मिरकरवाडा बंदरातले खलाशी चार-चार दिवस समुद्रात, पण प्यायचं पाणी मोजून. आणि बाजारात मासळी विकणाऱ्या बायका? लघवीला जायची सोय नाही, म्हणून त्या मुद्दामच पाणी कमी पितात. हा दोष त्यांचा नव्हे. लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार साखळून खडा बनतो आणि एखाद्या पहाटे कुशीत कळ उठते.

मूत्रपिंडात पडून असेतो खडा बहुधा गप्प असतो. दुखणं सुरू होतं तो मूत्रवाहिनीत उतरल्यावर. ही नळी साधारण 25 सेंटिमीटर लांब, आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. खडा अडला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं, नळी आवळते. कळ येते ती मुख्यतः या ताणाची. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा खडासुद्धा धट्ट्याकट्ट्या गड्याला गडाबडा लोळवतो.

खडा खाली सरकतो तशी कळीची जागाही सरकते. वर अडला तर बरगडीखाली, पाठीच्या बाजूला. पुढे आला की कुशीतून ओटीपोटात, मग जांघेत, पुरुषांना अंडकोशातही. मूत्राशयाच्या तोंडाशी पोचला की सारखी लघवीला लागते, थेंबथेंब होते, जळजळते. आपण म्हणतो उन्हाळी लागली, आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत बसतो. लघवी लालसर दिसली तर खड्याचा संशय आणखी बळावतो.

पाठीत उसण भरली असेल तर स्वस्थ पडल्यावर बरं वाटतं. अपेंडिक्स सुजलेला माणूस अंग चोरून निपचित पडतो. मुतखडेवाला मात्र उठतो, बसतो, ओणवा होतो, येरझाऱ्या घालतो. कळ लाटेसारखी चढते, ओसरते, पुन्हा चढते. सोबत ओकाऱ्या, त्यामुळे घरचे म्हणतात, पित्त झालं.

खडा मूत्राशयात पडला की कळ एकदम थांबते. पण कळ थांबली म्हणजे खडा सुटलाच, असं समजू नका. अडकून बसलेला खडाही काही दिवसांनी दुखेनासा होतो आणि मूत्रपिंड आतल्या आत खराब होत राहतं. दुखणं गेलं तरी सोनोग्राफी कराच. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपणहून पडतात. सेंटिमीटरच्या वरचे क्वचितच.

कुळथाचं कळण घरोघर सांगतात. जरूर प्या, चवीलाही छान. पण अडकलेला खडा त्यानं विरघळेल या भरवशावर राहू नका. ऐन कळीत तांब्या-तांब्या पाणीही ढोसू नका. खडा त्यानं ढकलला जात नाही, ताण मात्र वाढतो. पाणी एरवी प्या, लघवी फिकट होईल इतकं.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, ओकाऱ्या थांबत नाहीत, बाई गरोदर आहे किंवा मूत्रपिंड एकच आहे, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, जिल्हा रुग्णालय गाठा. साठी उलटलेल्याला अशी कळ पहिल्यांदाच आली तरी तेच करा. पोटातल्या महाधमनीचा फुगाही अगदी असाच दुखतो.

आणि कळीच्या दिवसांत लघवी गाळणीतून किंवा फडक्यातून गाळा. खडा सापडला तर फेकू नका. डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. तो कशाचा बनला आहे हे तपासल्यावरच पुढचं पथ्य ठरवता येतं.