मॅन्स लिप्सकम आणि एक निनावी गाणे



अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी आपल्या दुःखाला जो सूर दिला, त्याला ब्लूज म्हणतात. या परंपरेतील मोठी नावे ध्वनिमुद्रिकांमुळे जगभर गेली. आज सांगावयाची हकीकत मात्र अशा एका वाटेकऱ्याची आहे, की ज्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा त्याला पासष्ट वर्षे झाली होती.

मॅन्स लिप्सकम याचा जन्म ९ एप्रिल १८९५ रोजी टेक्सस राज्यातील नॅव्हसोटा येथे झाला. वडील गुलामगिरीत जन्मलेले. ते फिडल वाजवीत. मुलाचे मूळ नाव बोडी ग्लेन. 'मॅन्स' हे नाव त्याने थोरल्या भावाच्या एका मित्रावरून आपण होऊन उचलले. 'इमॅन्सिपेशन', म्हणजे दास्यमुक्ती, या शब्दाचे ते तोकडे रूप. टेक्ससमधील गुलामांना मुक्ततेची वार्ता कळली होती १८६५ च्या जूनमध्ये.

ही मुक्ती कितपत खरी होती? आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसतात, तशीच तो परक्याची जमीन वाट्याने कशी. कापूस पिकवायचा तो आपण, वही मालकाची! शनिवारी रात्री आसपासच्या वस्त्यांत नाच होत. तेथे तो पहाटेपर्यंत गिटार वाजवी. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका अखंड धरावयाचा आणि बोटांनी वरच्या तारांवर गाण्याची चाल उमटवावयाची, म्हणजे गवई आणि साथीदार एकच. कधी तो तारांवर चाकू सरकवून स्वर ओढीत नेई. ब्लूजखेरीज नाचाची गाणी, कथागीते, भक्तिगीते असे सारेच त्याच्यापाशी होते. म्हणून तो स्वतःला ब्लूजगायक न म्हणता 'साँगस्टर', निव्वळ गाणेवाला, म्हणवी.

१९६० साली क्रिस स्ट्रॅकविट्झ आणि मॅक मॅककॉर्मिक हे दोघे लोकगीतांच्या शोधात नॅव्हसोटास आले. त्या परगण्यातील टॉम मूर या जमीनदाराच्या शेतावरील मजुरांचे गाऱ्हाणे सांगणारे एक गाणे तेथे प्रचलित होते. लाइटनिन हॉपकिन्स या नामांकित गायकाने ते पूर्वी तबकडीवर गाइले, तेव्हा 'टॉम'चा 'टिम' झाला होता. लिप्सकमनेही ते गाइले. त्याच्या गाण्यांची तबकडी त्याच वर्षी निघाली. 'आरहूली' या संस्थेची ती पहिलीच. तीत हे गाणे नव्हते. पुढे ते निराळ्या संग्रहात आले, पण गायकाचे नाव छापले गेले नाही. बाहेरून आलेले दोघे ध्वनिमुद्रण करून परत जाणार होते. गाणाऱ्याला तेथेच राहावयाचे होते. मुक्तीचे नाव धारण करणाऱ्या माणसाला स्वतःच्याच गाण्याखाली नाव घालता येऊ नये, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या कीर्तीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

कीर्ती आली, तीही भरभरून. १९६१ मध्ये बर्कली येथील लोकसंगीत महोत्सवात विद्यापीठातील तरुण त्याच्यासमोर शांत बसून ऐकत होते. नाचणाऱ्यांसाठी वाजविण्याची सवय असलेल्या या गृहस्थाला ते नवलाचेच वाटले असेल. १९७१ साली लेस ब्लँक यांनी त्याच्यावर चित्रपट काढला. लिप्सकमने नॅव्हसोटा सोडले नाही. ३० जानेवारी १९७६ रोजी तेथेच त्याचा अंत झाला.