तळाशी राहणारा मासा : खरपा
(वारणानगर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सह्याद्रीत उगम पावून हरिपूरजवळ कृष्णेस मिळणारी वारणा ही या परिसराची जीवनदात्री होय. तिच्या पाण्यावर ऊस पिकला आणि तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे सहकाराचे कार्य उभे राहिले, हे येथील बालकांस ठाऊक असते. परंतु त्याच पाण्याच्या तळाशी कोण राहते, हे किती बालकांस सांगता येईल?

कृष्णेच्या खोऱ्यातील नद्यांत खरपा नावाचा मासा आढळतो. काही ठिकाणी त्यास खरबी असेही म्हणतात. हा गोबी कुळातील मासा असून, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. सामान्यतः तो वीतभर किंवा त्याहून लहान असतो. अंग वाळूच्या रंगाचे व त्यावर काळसर ठिपके, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूस, खालचा जबडा किंचित पुढे आलेला. पोटाकडील दोन पर एकत्र जुळून त्यांची वाटी बनलेली असते. तिच्या आधारे तो तळाशी टेकून बसतो.

या प्रत्येक अवयवाचा त्याच्या आहाराशी संबंध आहे. खरपा भक्ष्याचा लांबवर पाठलाग करीत नाही. तो वाळूवर निश्चल पडून राहतो, आणि भक्ष्य टप्प्यात येताच झेप घेऊन, मोठे तोंड उघडून ते गिळतो. लहानपणी तो सूक्ष्म जलजीव व कीटकांच्या अळ्या खातो. मोठेपणी कोळंबी व लहान मासे. प्रसंगी स्वजातीची पिलेही त्याच्या तोंडून सुटत नाहीत.

कोकणच्या खाड्यांतील निवट्या याच्याच आप्तांपैकी होत. ओहोटीच्या वेळी त्या चिखलावर हिंडतात. त्यांतील काही जाती डोके डावी-उजवीकडे हलवीत चिखलावरील शेवाळ खरवडून खातात, तर काही खेकडे व किडे पकडतात. उष्ण समुद्रांत तर काही गोबी कोळंबीच्या बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते, मासा दाराशी पहारा देतो. कुळ एक, परंतु उपजीविका निराळी!

वर्गात हा पाठ कसा शिकवावा? प्रथम नाव सांगू नये. माशाचे चित्र दाखवून, 'याचे डोळे वर का? तोंड असे का?' हे प्रश्न विचारावेत आणि त्याचा आहार मुलांनाच ओळखू द्यावा. नंतर मच्छीमार बांधवांस शाळेत बोलावून त्यांचा अनुभव ऐकवावा. नदीवर जावयाचे झाल्यास शिक्षक सोबत असावेत. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. सांडपाण्यातील घाण कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू घटतो व त्याची झळ तळास विशेष लागते. वाळूचा बेसुमार उपसा झाल्यास तर तळाच्या जीवांचा निवाराच नाहीसा होतो. वरून मात्र नदी पूर्वीसारखीच वाहताना दिसते. म्हणून शाळेने एक वही ठेवावी. कोणते मासे कोणत्या महिन्यात मिळाले, याची मच्छीमारांस विचारून नोंद करावी. जे मूल खरप्यास ओळखील, त्यासच त्याची अनुपस्थिती जाणवेल. आणि ज्यास ती जाणवेल, तेच पुढे नदीची काळजी वाहील.