चेहऱ्यावरचे डाग

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या छंदवर्गात दिलेल्या व्याख्यानावरून)



माझी हयात सरकारी फायलींवर शेरे लिहिण्यात गेली. छायाचित्रांतील डाग काढण्याचा छंद अवघ्या तीन वर्षांचा. तेव्हा हे व्याख्यान म्हणजे एका नवशिक्याने इतर नवशिक्यांशी केलेले हितगुज समजावे.

चेहऱ्याच्या छायाचित्राला हात लावणे ही संगणकाने आणलेली खोड नव्हे. जुन्या काचेच्या प्लेटांना तांबड्या रंगाची जाण जवळजवळ नसे. त्यामुळे गालावरची साधी लालसर पुटकुळी कागदावर काळी उमटे, कपाळावरचे कुंकूही काळेच दिसे. हा दोष प्लेटेचा, चेहऱ्याचा नव्हे. तो झाकण्यासाठी कारागीर निगेटिव्हवर वार्निशचा हात देऊन टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरीत. तेथे सारा व्यवहार उलटा! छापात जो डाग काळा, तो निगेटिव्हवर पारदर्शक; तो पेन्सिलीने भरला की छापात उजळतो. निगेटिव्हवरील धुळीचा मात्र छापात पांढरा ठिपका पडे, आणि तो कुंचल्याने रंग टिपून बुजवावा लागे.

आज हेच काम पडद्यावर होते. 2002 साली फोटोशॉपमध्ये ‘हीलिंग ब्रश’ आला. तो शेजारच्या त्वचेचा पोत उचलून डागावर बसवतो आणि रंग व उजेड मूळ जागेचाच राखतो. काम इतके सोपे झाले की थांबणे अवघड होऊन बसले. नवशिका आधी पुटकुळी काढतो, मग डोळ्यांखालची सावली, मग सुरकुत्या, आणि अखेरीस त्वचेची रंध्रेही पुसून माणसाचा मेणाचा पुतळा करतो. सावली पुसू नये, थोडी फिकी करावी. चित्र फार मोठे करून न्याहाळू नये, कारण छापात कुणालाही न दिसणारे दोष मग आपल्याला छळू लागतात. दुरुस्ती नेहमी वेगळ्या थरावर करावी व मूळ प्रत तशीच जपावी. ही शेवटची सूचना मी पुस्तकात वाचून पाळली होती. तिचे मोल मात्र नंतर कळले.

या स्मरणिकेसाठी आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांच्या आईचे छायाचित्र माझ्याकडे दिले. 1960 च्या सुमारास साताऱ्याकडे काढलेले, पदरावरून घडीची चीर गेलेली, जागोजागी बुरशीचे ठिपके. दुसरी प्रत नाही. मी तीन रविवार खपलो. कपाळावर एक आणि हनुवटीवर तीन पुसट ठिपके होते, तेही बुरशीचेच समजून साफ केले आणि मोठ्या ऐटीत छाप त्यांच्या हाती ठेवला.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “काम छान झालंय हो. पण आईचं गोंदण कुठं गेलं?”

मी निरुत्तर झालो.

“ती म्हणायची,” ते पुढे बोलले, “सोनंनाणं सगळं हितंच राहतं, गोंदण तेवढं आपल्यासंगं येतं.”

त्यांची नातवंडे याच शहरात जन्मली. पणजीला त्यांनी पाहिलेले नाही. त्यांच्या लेखी पणजी म्हणजे हे एक चित्र. माझी प्रत छापली गेली असती तर त्यांची पणजी बिनगोंदणाचीच राहिली असती, आणि ही चूक सांगणारे पुढे कुणी उरलेही नसते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. पंधरवड्यात आपोआप जाणारे व्रण, उडालेला केस, कागदावरची बुरशी खुशाल काढावी. जन्मभर अंगावर राहणारे तीळ, देवीचे वण, गोंदण यांना घरच्यांना विचारल्यावाचून हात लावू नये.

मूळ प्रत शाबूत होती, म्हणून ते चार ठिपके परत आणता आले. चित्र याच अंकात आहे. पदरावरची चीर नीट पाहिल्यास अजून दिसेल; तेथली नक्षी जुळवणे मला साधले नाही.

कुणाकडे अशी जुनी छायाचित्रे असतील तर रविवारी सकाळी अवश्य घेऊन यावीत. मात्र तो चेहरा प्रत्यक्ष पाहिलेले घरातले कुणी हयात असेल, तर त्यांनाही बरोबर आणावे. चहा माझ्याकडे.