काटा दिसला पाहिजे

गावोगावच्या सेवा केंद्रांतून, ग्रंथालयांतून आलेल्या बंधू-भगिनींनो,

ऐन गळीत हंगामात, उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढत आपण आलात, याचं मोल आम्ही जाणतो.

ही परिषद वारणेच्या खोऱ्यात भरवण्याला कारण आहे. 1998 साली कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे 70 गावांसाठी इथे संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, शेतीसल्ला असं पुष्कळ काही देण्याचा मानस होता. शेतकरी मात्र आला तो ऊसनोंदीसाठी, तोडणीची पाळी विचारायला, वजनाची पावती बघायला. पुढे काही गावांत हेच काम मोबाइलच्या संदेशांवर करून पाहिलं, तेही चाललं. कुणाला यात प्रकल्पाचं अपयश दिसलं. मला तसं वाटत नाही. तात्यासाहेब कोरे यांनी इथे उभारलेल्या सहकाराशी माणसांची देवघेव आधीच जुळलेली होती. संगणक त्या देवघेवीत येऊन बसला, म्हणून लोक त्याच्यापाशी आले.

देवघेवीचं हे नातं आजही दिसतं. परवा आमच्या गावातल्या सेवा केंद्रात एक मावशी पैसे काढायला आल्या. अंगठा उमटेना. खुरपं धरून धरून बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. केंद्रातल्या पोरानं ओल्या फडक्यानं बोट पुसलं, पुन्हा टेकवलं. चौथ्या वेळी जमलं. नोटा न मोजताच मावशींनी कनवटीला लावल्या. मी म्हटलं, "मोजून तरी घ्या." तर म्हणाल्या, "त्याच्या आईला वळखते की मी."

पोरगा सचोटीचा आहे, मी त्याला लहानपणापासून बघतो. पण उद्या तो नोकरीला पुण्याला गेला आणि खुर्चीत दुसरा बसला तर? ‘व्यवहार झाला नाही’ असं सांगून पुन्हा अंगठा घ्यायचा आणि दोनदा पैसे काढायचे, असे प्रकार घडलेले आहेत. त्या दिवशी मावशींना स्क्रीन दिसत नव्हता. पावतीही मिळाली नव्हती.

उसाच्या पट्ट्यात ‘काटा मारला’ म्हणजे वजनात चोरी केली, हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर शेतकरी वजनाचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मागतो. त्यात त्याचा कुणावर अविश्वास नसतो, तो त्याचा हक्क असतो. मावशींचाही तेवढाच हक्क आहे.

म्हणूनच शेजारच्या खोलीत आम्ही केंद्राचं टेबल मांडलं आहे. स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवलेला, दरपत्रक भिंतीवर, पावतीचं यंत्र हाताशी. चहा झाला की तिकडे चला, आणि आधी मावशींच्या खुर्चीत बसून बघा.